निवृत्त हझान आणि दहावा माणूस

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईच्या परिघावरच्या एका जुन्या सिनेगॉगमधले, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातले आहे. गाव सांगत नाही, कुणाचे नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. समाज बेने इस्रायलांचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठीभाषक ज्यूंचा. घरे पंचवीसेक, त्यांतल्या निम्म्या घरांत साठीपुढची जोडपीच. मुले इस्रायलमध्ये: अश्दोदला, लोदला, बेर शेव्याला. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळी दहा-बारा पुरुष येतात. दहाच्या खाली आकडा गेला की मिनयान, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारी दहा पुरुषांची संख्या, होत नाही. मिनयान नाही म्हणजे मृतांसाठी म्हणायची कद्दीश ही प्रार्थना नाही आणि सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, बाहेर काढायचा नाही. हा दहाचा आकडा पुढे प्रत्येक निर्णयात आडवा आला.

बेने इस्रायलांकडे परंपरेने रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हते. शिकवायला कोचीनहून माणसे आली, १८४६ साली मुंबईत पेसाह सणाला वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह छापून निघाली, पण गावोगावी धर्म चालता ठेवला तो हझानांनी. प्रार्थना चालवणे, तोरा वाचणे, लग्न लावणे, मलिदा हे घरगुती धार्मिक कार्य, अंत्यविधी, बऱ्याच ठिकाणी धर्मनियमाप्रमाणे, म्हणजे कोशेर, कोंबडी कापणेसुद्धा. परदेशातला रब्बी निवृत्त होतो तेव्हा त्याचे प्रवचनपीठ सुटते. इथे हझान निवृत्त झाला की काय काय सुटते, हे आधी मोजावे लागते. या सिनेगॉगमध्ये ते कुणी मोजले नव्हते.

इथले हझानकाका बहात्तर वर्षांचे. सेवा एकतीस वर्षांची. पत्नी वारलेली, मुलगी इस्रायलमध्ये, राहायला आवारातली मागची खोली. शेवटचा पगार महिना १४,००० रुपये. त्यात भर पडायची ती लग्नाला, मलिद्याला घरचे देत त्या पाकिटाची. गावातल्या चाळिशीच्या आतल्या बहुतेकांची लग्ने त्यांनीच लावलेली.

काचबिंदूने त्यांची नजर गेली. सेफेर तोरामध्ये स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हे नसतात, चालीच्या खुणाही नसतात. निम्मे वाचन पाठांतराचे असते, तरी डोळा ओळीवर लागतो. एका शब्बाथला त्यांची नजर एका ओळीवरून तशाच शब्दांच्या दुसऱ्या ओळीवर गेली आणि मधला मजकूर सुटला. दोघांनी बाकांवरून आवाज दिला. काकांनी मागे जाऊन वाचन पुरे केले, आणि प्रार्थनेनंतर सेक्रेटरींना बाजूला घेऊन सांगितले, “आता दुसरा बघा. मी इथेच आहे.”

सगळ्यांना हायसे वाटले. “मी इथेच आहे” म्हणजे नेमके कुठे आणि काय करत, हे त्यांना कुणी विचारले नाही.

नवे हझान येतात

विश्वस्तांना रायगड जिल्ह्यातलाच एक तरुण मिळाला. अठ्ठावीस वर्षांचा, काही वर्षे इस्रायलमध्ये शिकून परत आलेला, मराठी खणखणीत, घरी बायको आणि तान्हे मूल. असा माणूस आज मिळणे म्हणजे नशीबच. त्याच्या चाली मात्र तिकडच्या होत्या.

सर्वसाधारण सभेत काकांचा सत्कार झाला. शाल, नारळ, मानपत्र, आणि ठराव: “हझानसाहेबांना तहहयात सन्माननीय हझान म्हणून गौरवण्यात येत आहे.” टाळ्या पडल्या. सन्माननीय हझानाने काय करायचे, काय करायचे नाही, कुणाला विचारून करायचे, यावर ठरावात एक अक्षर नाही. मी नंतर मिनिटबुक तपासले. सूचक आहेत, अनुमोदक आहेत, अर्थ नाही. आणि ज्याच्या कामाच्या हद्दीवर हा ठराव पडणार होता, त्या नव्या हझानाला सभेला बोलावलेलेच नव्हते.

त्याने काम सुरू केले ते मोठ्या सणांच्या आधीच्या एलूल महिन्यात. म्हणजे आधी महिनाभर पहाटेच्या सेलिहोत या क्षमायाचनेच्या प्रार्थना, मग नव्याचा सण (नवे वर्ष), दरफाळणी (योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस), आणि सुक्कोथ, सिम्हाथ तोरा हे सण. हझानाच्या वर्षातला सगळ्यात दमवणारा काळ, आणि त्याच्याच तोंडावर नवा माणूस.

प्रश्न

काकांची जागा तेब्याच्या, म्हणजे प्रार्थना चालवायच्या चौथऱ्याच्या, अगदी समोर, पहिल्या बाकावर. तिथून ते तरुणाचे वाचन ऐकायचे आणि चुकले की तिथूनच शब्द सांगायचे. यात गैर काही नाही, अर्थ बदलेल अशी चूक सुधारलीच पाहिजे असा धर्माचा नियम आहे. काकांना दिसत नसले तरी कान शाबूत होते, आणि त्यांनी दाखवलेली चूक ही चूकच असे. अडचण दुसरीकडे होती. ती नव्या हझानाने मला नंतर सांगितली: “काका बोलतात तेव्हा माझं चुकलेलंच असतं, त्याचं मला काही नाही. पण चूक नसताना, नुसती चाल वेगळी असली तरी त्यांची मान हलते. आणि मग सगळे माझ्याकडे नाही, त्यांच्या मानेकडे बघतात.”

दुसरा प्रश्न मलिद्याचा. गोड पोहे, खोबरे, पाच फळे, एलियाहू हन्नाबीचे गाणे: घरात कार्य असले, नवस फिटला, परदेशातून पोर सुखरूप आले की बेने इस्रायलांच्या घरी मलिदा होतो. लोक सवयीने काकांनाच बोलवत. काका जात. नव्या हझानाला कधी दुसऱ्या दिवशी कळे, कधी फोनवरच्या फोटोतून कळे. मान तर जात होताच, शिवाय पाकीटही जात होते, आणि त्याच्या पगारात पाकिटाशिवाय भागत नव्हते. काकांचेही भागत नव्हते. निवृत्तीनंतर त्यांना दरमहा किती द्यायचे, हेही कुणी ठरवलेले नव्हते. म्हणजे विश्वस्तांनी जे पैसे ठरवायचे टाळले, ते दोन हझान एकमेकांच्या ताटातून घेत होते.

हे सगळे दरफाळणीच्या दिवशी फुटले. आदल्या संध्याकाळपासूनचा उपास, दिवसभर उभे राहून प्रार्थना, आणि शेवटी नेइला ही त्या दिवसाची अखेरची प्रार्थना. तरुणाचा आवाज बसला होता. नेइला सुरू होताना मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणाले, “आता काकांना येऊ द्या.” दोघातिघांनी री ओढली. काका उठले, तेब्यावर चढले आणि नेइला चालवली, पाठ होती तशी, अखंड. लोकांचे डोळे भरून आले. नवा हझान तेब्यावरून उतरून बाजूला उभा राहिला. शोफार, म्हणजे शिंगाचे वाद्य, वाजला, उपास सुटला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा राजीनामा सेक्रेटरींच्या टेबलावर होता. चार ओळींचा, तक्रारीचा एक शब्द नसलेला.

समोर असलेले पर्याय

विश्वस्तांनी मला बोलावले ते ट्रस्टच्या कागदपत्रांसाठी, पण बैठक कागदांवर थांबली नाही.

पहिला पर्याय सेक्रेटरींच्या न्यू जर्सीतल्या मेहुण्यांकडून आला. तिकडच्या अनेक सिनेगॉगांत निवृत्त रब्बीला ‘एमेरिटस’, म्हणजे मानद, करतात, आणि तो काही महिने, कधी वर्षभर, आपल्या जुन्या सिनेगॉगपासून दूर राहतो. नंतरही नव्या रब्बीच्या संमतीशिवाय तिथल्या सभासदांची लग्ने किंवा अंत्यविधी करत नाही. लोकांची सवय मोडायला वेळ मिळतो आणि नव्याला पाय रोवता येतात. पद्धत शहाणपणाची आहे. पण तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे: निवृत्त माणसाला प्रार्थनेला जायला दुसरी जागा आहे, आणि त्याच्यावाचून पहिल्या जागेचे अडत नाही. इथे दुसरे सिनेगॉग लोकलने तासाभरावर. आणि काका घरी बसले तर महिन्यातून एखाद-दोन शब्बाथ माणसे नऊच भरणार. खजिनदारांनी वहीच काढली. ज्या वडिलांच्या कद्दीशसाठी मुलगा पुण्याहून येतो, त्याला “दहावा माणूस मुद्दाम घरी ठेवलाय” असे कोण सांगणार?

दुसरा पर्याय काकांनी मुलीकडे जाण्याचा. ते एकदा जाऊन राहून आले होते. “तिकडे सगळं आहे, पण मला कुणी विचारत नाही आणि मला कुणाचं कळत नाही,” इतकेच त्यांचे म्हणणे. या पर्यायावर आणखी पाच मिनिटे गेली, तीही जास्तच होती.

तिसरा: राजीनामा स्वीकारा आणि काकांनाच परत बसवा. बैठकीत हे उघड कुणी बोलले नाही, पण निदान तिघांच्या मनात होते. नेइला सगळ्यांच्या कानात होती. मात्र नेइला पाठ असते. पुढच्याच शब्बाथला सेफेर तोरा उघडायचा होता, आणि तो कोण वाचणार याचे उत्तर त्या तिघांकडे नव्हते.

चौथा, दोघांनी वाटून घ्यावे. याला तालमूद या धर्मग्रंथाचा आधार एका वडीलधाऱ्यांनी दिला. रब्बान गम्लिएल या प्राचीन धर्मप्रमुखाला पदावरून दूर करून तरुण एलाझार बेन अझारियाला बसवले, पुढे गम्लिएलशी समेट झाला, तेव्हा तरुणाला उतरवायचे नाही म्हणून प्रवचनाचे शब्बाथ दोघांत वाटले, मोठा वाटा गम्लिएलचा. गोष्ट सुंदर आहे, पण इथे लागू नाही. त्या दोघांत एकाचे डोळे गेले नव्हते. शिवाय शब्बाथ वाटले की लोकही वाटले जातात: काकांच्या दिवशी येणारे आणि दुसऱ्याच्या दिवशी येणारे. बाराचे सहा-सहा.

पाचवा पर्याय तोरातूनच निघाला. तिच्यातल्या बेमिदबार या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लेवींसाठी, म्हणजे देवाच्या सेवेला नेमलेल्या घराण्यासाठी, नियम आहे: पन्नाशीनंतर सेवेतून मोकळे व्हायचे, पण सभामंडपात भावांबरोबर राहायचे, राखणीला मदत करायची. मध्ययुगीन भाष्यकार राशी त्यावर सांगतो की खांद्यावरून ओझे वाहणे थांबते. दरवाजे लावणे, गाणे आणि गाड्या भरणे ही कामे मात्र राहतात. खजिनदार म्हणाले, “पण आपल्यात लेवी आहेतच कुठे?” खरेच, बेने इस्रायलांत परंपरेने कोहेन (पुरोहित) आणि लेवी घराणी नाहीत. हशा पिकला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा खोलीतला ताण उतरला. पण दिशा मिळाली होती. माणसाला दूर करता येत नसेल, तर कामे वेगळी करायची.

काय केले

आधी दोघांशी वेगवेगळे बोलणे झाले. काकांना राजीनाम्याचे ऐकून धक्का बसला. आपण मदत केली असेच ते समजत होते. “पोराचा आवाज बसला होता, मी काय नुसता बघत बसू?” असे ते दोनदा म्हणाले. नव्या हझानाने मागितल्या त्या दोनच गोष्टी: तेब्यावर कोण चढेल हे बाकांवरून ठरू नये, आणि कुठल्या घरी काय कार्य आहे हे त्याला आधी कळावे. काकांनी येऊ नये असे त्याने एकदाही म्हटले नाही. हे काकांना सांगितल्यावर पुढचे सोपे झाले.

चूक सुधारण्याचे काम एका नेमलेल्या माणसाकडे गेले. तो स्वरचिन्हांचे छापील पुस्तक घेऊन तेब्याशेजारी उभा राहतो, आणि फक्त त्याने बोलायचे. हे काम काकांनाच द्यावे असे दोघा विश्वस्तांचे मत होते. नव्या हझानाने नको म्हटले, आणि ते मानले गेले. मला वाटते इथेच प्रकरण सुटले. काकांना काम देऊन मान राखणे सोयीचे होते, पण त्याने अडचण होती तिथेच राहिली असती, फक्त तिला ठरावाचा शिक्का मिळाला असता.

मग जागेचा विषय. तो काढला वरच्या सज्जात बसणाऱ्या एका आजींनी. “आम्हाला वरून सगळं दिसतं. काका समोर बसलेत तोवर तुम्ही कितीही ठराव करा, लोक तिकडंच बघणार.” पुरुषांपैकी कुणाच्या तोंडून हे निघाले नसते. काकांना सांगायलाही त्याच गेल्या. पुढच्या शब्बाथला काका दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले. कारण त्यांनी स्वतःच लोकांना सांगितले: तिथे वारा येतो.

मलिदा आणि लग्नासाठी घरच्यांनी ऑफिसला कळवायचे, कार्य नव्या हझानाने करायचे, काकांना पाहुणे म्हणून बोलवायचे की नाही ते घरच्यांनी ठरवायचे. काकांनी गाणे म्हणावे, आशीर्वाद द्यावा. अंत्यविधीला मात्र नियम केला नाही. दफन लांबवत नाहीत, जो हाताशी असेल तो जाईल.

एलूलमधल्या पहाटेच्या सेलिहोत आठवड्यातून दोन दिवस काकांकडे दिल्या. त्या त्यांना पाठ आहेत आणि तिथे तोरा वाचायचा नसतो. शिवाय तान्ह्या मुलाच्या बापाला दोन पहाटे झोप मिळते, हा त्या कलमाचा खरा फायदा. दरफाळणीच्या पाचही प्रार्थना नव्या हझानाने चालवायच्या, आवाज बसला तरी. नेइलाच्या वेळी हेखालाचे, म्हणजे सेफेर तोरा ठेवायच्या कपाटाचे, दार उघडण्याचा मान काकांचा.

पैशाचा हिशेब बसला, पण कडवटपणे. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी होता. ट्रस्टकडे तिघे, म्हणजे बंधन नव्हते. तरीही त्याच सूत्राने रक्कम काढावी असे मी सुचवले: १४,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ३१ वर्षे, सुमारे अडीच लाख. ती दोन हप्त्यांत दिली. वर दरमहा ५,००० रुपये मानधन, म्हणजे पाकिटावर अवलंबून राहणे संपले.

खोलीचा प्रश्न सगळ्यात अवघड. काकांना तहहयात राहू द्यावे यावर एकमत होते, आणि काहींना ते तोंडीच ठेवायचे होते. पण मालमत्ता सार्वजनिक ट्रस्टची. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाप्रमाणे इमारतीचा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. आणि विश्वस्त बदलले की तोंडी शब्दाला कोण विचारतो? शेवटी नाममात्र शुल्कावर ३३ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार केला. नव्या हझानाच्या घरभाड्याचा भार ट्रस्टने उचलला. कागद बरोबर होता. तो काकांपर्यंत गेला मात्र शमाशच्या, म्हणजे सिनेगॉगच्या सेवकाच्या, हातून, सही करून परत द्या असा निरोप देऊन. “एकतीस वर्षांनी मी भाडेकरू झालो,” असे ते शेजाऱ्यांना म्हणाले. सेक्रेटरींनी स्वतः जाऊन, चहा घेत, कागद त्यांच्याच बचावासाठी आहे हे समजावले असते तर हे वाक्य जन्मले नसते.

निष्पत्ती

राजीनामा मागे घेतला गेला. पुढच्या दरफाळणीला नव्या हझानाचा आवाज पुन्हा बसला. बाकांवरून कुणी काही बोलले नाही. काकांनी दार उघडले आणि मागे जाऊन बसले.

चालींचा वाद अर्धा मिटला. सिम्हाथ तोराची आणि लग्नातली जुनी गाणी नव्या हझानाने काकांकडे बसून फोनवर रेकॉर्ड केली, आणि आता तो तीच म्हणतो. तोरावाचन तो आपल्या चालीत करतो. शेवटच्या बाकावरून मान अजून हलत असेल, पण ती बघायला लोकांना मागे वळावे लागते.

एका घराने मलिद्याचा नियम पाळला नाही. मुलासाठी नवस होता, तो काकांच्याच हातून फेडायचा होता. दार लावून, पाचसहा माणसांत त्यांनी तो केला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत होते. विश्वस्तांनी विषय काढला नाही, नव्या हझानानेही नाही, आणि माझ्या मते दोघांचेही बरोबर होते. दुसऱ्या एका कुटुंबाने मात्र लग्न काकांनीच लावावे असा हट्ट धरला, आणि नकार मिळाल्यावर कार्य मुंबईतल्या दुसऱ्या सिनेगॉगमध्ये केले. ते घर अजून पूर्वीसारखे येत नाही. पंचवीस घरांत एक घर म्हणजे थोडे नाही.

वेगळे काय करता आले असते

नव्याने एलूलमध्ये सुरुवात करायला नको होती. सिम्हाथ तोराला तोराचे वाचन संपते आणि बेरेशिथ या पहिल्या पुस्तकापासून पुन्हा सुरू होते. त्या दिवशी सूत्रे हातात दिली असती तर जुन्याने आपले सण शेवटचे पार पाडले असते आणि नव्याला जवळजवळ वर्षभर तयारीला मिळाले असते. याला एक अट आहे: तोपर्यंत तोरावाचनाला तिसरा कुणी हवा होता. खजिनदारांचा वाचनाचा सराव बऱ्यापैकी आहे. त्यांना कुणी विचारले नाही, कारण ते पैशांचे काम बघतात.

सत्काराच्या ठरावाआधी कामांची यादी हवी होती, आणि नवा हझान त्या बैठकीत हवा होता. मानधन आणि खोलीही तेव्हाच ठरायला हवी होती. राजीनाम्यानंतर दिलेले पैसे भरपाईसारखे दिसतात, रक्कम तीच असली तरी.

नजरेचा विषय लोकांना किमान वर्षभर आधीपासून माहीत होता. बाकांवर कुजबुज होती, विचारपूस नव्हती. काकांनी स्वतः सांगितले म्हणून निभावले.

एक मुद्दा अजून मोकळा आहे. मध्यंतरी नवा हझान सासरच्या लग्नासाठी इस्रायलला गेला होता. ते तीन शब्बाथ काकांनी प्रार्थना चालवली, तोरा खजिनदारांनी वाचला. चौथ्या शब्बाथला काका न सांगता शेवटच्या बाकावर गेले. व्यवस्था चोख होती, पण ती मिनिटबुकात नाही. ती लिहून ठेवा असे मी सेक्रेटरींना दोनदा कळवले आहे. नव्या हझानाच्या बायकोचे माहेर सगळे तिकडेच आहे, आणि काकांचा करार पुढच्या वर्षी संपतो.